बेरजेत विरणारे द्वंद्व

वसाहत उभारणीच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एका नायकाला चालवत नाही, तो एका वस्तीचा कारभार पाहतो. शेत कोणी पिकवायचे, भिंत कोणी रचायची, जखमींची शुश्रूषा कोणी करायची हे तो ठरवतो, आणि वस्तीतली माणसे आपापल्या भुकेप्रमाणे, झोपेप्रमाणे व स्वभावाप्रमाणे ती कामे करतात, रेंगाळतात किंवा एखाद्या दिवशी सगळे टाकून रडत हिंडू लागतात. या माणसांना मन किती द्यावे, हा या प्रकारातला सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड प्रश्न आहे. त्यावर गेली काही वर्षे एक उत्तर इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही फारशी कोणाला वाटत नाही. पात्रांच्या मनाचे खोल प्रतिरूपण, म्हणजे त्या मनाच्या व्यवहाराची संगणकात उभी केलेली चालती प्रतिकृती, हा वाया जाणारा खटाटोप आहे; काही मोजक्या संख्या आणि काही सूचक वाक्ये दिली की उरलेले मन खेळाडू आपल्या कल्पनेने भरून काढतो, असे हे उत्तर सांगते. ते अर्धे खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यात त्याने या कलाप्रकाराचे मोठे नुकसान केले आहे.

या मताची सर्वांत समर्थ मांडणी ‘रिमवर्ल्ड’ या खेळाचे निर्माते टायनन सिल्व्हेस्टर यांनी 2013 मध्ये केली आणि तिचा प्रतिवाद करायचा तर आधी ती न्याय्यपणे सांगायला हवी. संगणकात प्रत्यक्ष चालणारे गणित ही एक गोष्ट आहे आणि त्या गणिताविषयी खेळाडूच्या डोक्यात तयार होणारी समजूत ही दुसरी, असे ते म्हणतात. अनुभव नेहमी दुसरीतून येतो. म्हणून गणितातला जो भाग खेळाडूच्या समजुतीपर्यंत पोहोचत नाही, तो कितीही सूक्ष्म असला तरी खेळाच्या दृष्टीने नसल्यातच जमा. याला जोडून ते अपोफेनिया या मानसशास्त्रीय संज्ञेचा आधार घेतात. असंबद्ध घटनांत हेतू, नाते आणि अर्थ पाहण्याची माणसाची जी उपजत प्रवृत्ती असते, तिला अपोफेनिया म्हणतात. दोन ठिपके शेजारी आले की माणूस त्यांच्यात मैत्री पाहतो, एक ठिपका दूर गेला की विरह पाहतो. मग ही मैत्री आणि हा विरह संगणकात रचण्याचे कष्ट कशाला घ्यायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. विल राइट यांच्या ‘द सिम्स’ने 2000 मध्ये हेच करून दाखवले होते. त्यातली माणसे कोणालाही न कळणारी बनावट भाषा बोलतात आणि नेमके त्यामुळेच खेळाडू त्यांच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतो. इथपर्यंतच्या विवेचनाशी वाद घालण्याचे कारण नाही.

वाद सुरू होतो तो ‘रिमवर्ल्ड’ हाती घेतल्यावर. 2013 मध्ये लोकांसमोर आलेला आणि 17 ऑक्टोबर 2018 रोजी पूर्ण आवृत्तीत प्रसिद्ध झालेला हा खेळ या प्रकारातला अत्यंत यशस्वी आणि अनेक बाबतींत खरोखर श्रेष्ठ खेळ आहे. त्यात प्रत्येक रहिवाशाला मूडची एक पट्टी असते आणि त्या पट्टीवर त्याच्या मनातल्या ‘विचारांची’ बेरीज होते. टेबलाशिवाय जेवावे लागले तर उणे 3, यंत्रातून निघालेला पौष्टिक लगदा खावा लागला तर उणे 4, चांगले जेवण मिळाले तर अधिक 5, राजेशाही जेवण मिळाले तर अधिक 12. या सर्वांची बेरीज घसरत 35 टक्क्यांखाली गेली की माणूस किरकोळ स्वरूपात कोलमडण्याची शक्यता निर्माण होते, 20 टक्क्यांखाली गंभीर आणि 5 टक्क्यांखाली अत्यंत गंभीर. मग कोणी खोलीत कोंडून घेतो, कोणी दिसेल त्याला टाकून बोलतो, कोणी वस्तीला आग लावत सुटतो. तो आवेग ओसरला की मन मोकळे झाल्याचे अधिक 40 गुण काही दिवसांसाठी मिळतात. ही रचना वाचायला सोपी आहे, कारण आणि परिणाम यांचा धागा तिच्यात तुटत नाही, आणि एका माणसाच्या कोसळण्याने सारी वस्ती कशी हादरते याची कथा तिच्यातून पुन्हा पुन्हा निर्माण होते. या गुणांचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु एक प्रसंग जवळून पाहावा. ‘रिमवर्ल्ड’मध्ये वस्तीवर चालून येणाऱ्या टोळीत एखाद्या रहिवाशाचा नातलग असू शकतो आणि खेळ हल्ल्याची सूचना देताना ते नातेही सांगतो. समजा, तो नातलग रहिवाशाचा बाप आहे. खेळाडू त्या मुलाला लढाईच्या आज्ञेखाली आणतो, वाळूच्या पोत्यांमागे उभा करतो आणि नेम धरायला सांगतो. मुलगा गोळी झाडतो. इतर कोणत्याही दरोडेखोरावर झाडायला त्याला जितका वेळ लागला असता, तितक्याच वेळात झाडतो. नेम ढळत नाही, पाय मागे जात नाही, बंदूक खाली येत नाही. बाप मेल्यावर मुलाच्या मनाचे पान उघडले, तर त्या यादीत पित्याच्या मृत्यूची एक ओळ आणि तिच्यासमोर एक उणे संख्या दिसते. त्याच रात्री त्याला राजेशाही जेवण मिळाले तर त्या ओळीच्या शेजारी अधिक 12 ची ओळ येते, आणि खोली सुंदर असेल, खाट मऊ असेल, बुद्धिबळाचा एक डाव झाला असेल, तर बेरीज पुन्हा सुरक्षित पातळीवर पोहोचते. ठरलेले दिवस संपले की पित्याची ओळ यादीतून निघून जाते.

या प्रसंगात दुःख आहे, अंतर्द्वंद्व मात्र कुठेच नाही. दोन परस्परविरोधी ओढी एकाच मनात एकाच वेळी जिवंत राहणे आणि त्यांतली कोणतीही दुसरीच्या मोबदल्यात फिटत नसणे, म्हणजे अंतर्द्वंद्व. बापावरची माया आणि वस्तीविषयीचे कर्तव्य यांची वजाबाकी करून उरलेला आकडा म्हणजे त्या मुलाची अवस्था नव्हे. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहिलेला अर्जुन त्याच्या ओळखीचा आहे. अर्जुनाचा विषाद म्हणजे घसरलेला मूड नव्हे, आणि त्या क्षणी त्याच्यासमोर पंचपक्वान्नांचे ताट ठेवल्याने तो कमी झाला नसता; गांडीव हातातून गळते ते स्वजन आणि स्वधर्म हे दोन्ही आपापल्या जागी पूर्ण वजनाने उभे असतात म्हणून. बेरीज ही क्रिया नेमके हेच नष्ट करते. उणे 20 आणि अधिक 20 यांची बेरीज शून्य होते आणि ज्याला काहीच झालेले नाही अशा माणसाची बेरीजही शून्यच असते. आतून फाटलेला आणि आतून रिकामा अशी ही दोन माणसे या गणिताला वेगळी ओळखता येत नाहीत.

भारतीय काव्यशास्त्राने हा भेद फार पूर्वी नावानिशी टिपून ठेवला आहे. दोन भाव एकाच वेळी तुल्यबळ होऊन एकमेकांना भिडतात त्या अवस्थेला तेथे भावसंधी म्हणतात, आणि एकामागून एक अनेक भाव एकमेकांना ढकलत, पण न पुसता, मनात गर्दी करतात तिला भावशबलता म्हणतात. एक भाव उगवणे किंवा मावळणे यांनाही भावोदय आणि भावशांती अशी स्वतंत्र नावे आहेत. ‘रिमवर्ल्ड’ची पट्टी भावोदय आणि भावशांती यांचे काम उत्तम करते, पण संधी आणि शबलता यांच्यासाठी तिच्यात जागाच नाही. हा दोष तिच्या एकटीचा नाही. 2014 मध्ये आलेल्या ‘द सिम्स 4’ने भावनांना आनंदी, दुःखी, संतप्त, लज्जित अशी स्पष्ट नावे दिली, परंतु एका वेळी पात्रावर एकच भावना राज्य करील असा नियम ठेवला; जिची बाजू बेरजेत सर्वांत वजनदार, ती जिंकते आणि बाकीच्या दिसेनाशा होतात. त्यामुळे मुलीला सासरी पाठवताना आनंद आणि दुःख एकाच चेहऱ्यावर असलेली आई तेथे उभीच राहू शकत नाही.

येथे प्रतिपक्षाचे ठरलेले उत्तर येते: हे द्वंद्व खेळाडूच्या मनात घडते, तेवढे पुरेसे आहे. बापावर गोळी झाडायला लावताना खेळाडूचा हात क्षणभर थबकतो ना, मग पात्राचा थबकला नाही म्हणून काय बिघडले? हे उत्तर ऐकायला समंजस वाटते आणि त्याला रससिद्धांताचाही पाठिंबा आहे असे कोणी म्हणेल, कारण रस, म्हणजे कलेतून मिळणारा भावास्वाद, शेवटी सहृदय प्रेक्षकाच्या ठायीच प्रतीत होतो. पण तो सिद्धांत पुरता वाचला तर तो नेमका उलट साक्ष देतो. ‘नाट्यशास्त्र’कार भरताच्या मते रस निष्पन्न होतो तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून. विभाव म्हणजे भावनेला कारण होणारी परिस्थिती, अनुभाव म्हणजे ती भावना शरीरात व कृतीत प्रकट होणे, आणि व्यभिचारी म्हणजे मुख्य भावाच्या पोटात येणारे-जाणारे क्षणिक भाव, ज्यांची संख्या ‘नाट्यशास्त्रा’त 33 दिली आहे. सहृदयाची कल्पनाशक्ती कितीही तरल असली तरी तिला हे तीन घटक रंगमंचावरून मिळावे लागतात. ‘रिमवर्ल्ड’च्या त्या प्रसंगात विभाव आहे, कारण समोर बाप उभा आहे, पण अनुभाव नाही, कारण मुलाच्या शरीराने काहीच दाखवले नाही, आणि व्यभिचारी भाव तर बेरजेत केव्हाच विरघळले. कल्पनेला टांगायला खुंटीच नसेल, तर ती भिंतीवर काहीही टांगू शकत नाही. अपोफेनिया दोन ठिपक्यांत मैत्री पाहते ती ठिपके जवळ आले म्हणून. ते जागचे हललेच नाहीत तर ती काय पाहणार?

दुसऱ्या टोकाला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ आहे. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी 2002 मध्ये त्याची उभारणी सुरू केली, 2006 मध्ये तो लोकांच्या हाती दिला, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 मध्ये तो आपल्या संग्रहात घेतला आणि चित्रमय आवृत्तीत तो स्टीम या गेमविक्रीच्या मंचावर आला तो डिसेंबर 2022 मध्ये. या खेळातल्या बुटक्या खाणकामगारांच्या स्वभावाचे पन्नास पैलू 0 ते 100 च्या मापावर नोंदलेले असतात आणि त्यांखेरीज प्रत्येकाची मूल्ये, म्हणजे त्याला काय योग्य व वंदनीय वाटते याची स्वतंत्र नोंद असते. महत्त्व पन्नास या संख्येचे नाही. शंभर असते तरी तेवढ्याने काही साधले नसते. महत्त्व आहे ते स्वभाव आणि मूल्ये या दोन वेगळ्या वह्या ठेवण्याला. एखादा बुटका स्वभावाने आळशी असतो आणि मूल्याने कष्टाला मानणारा. त्याचे वर्णन उघडले तर खेळ तेथे स्पष्ट लिहितो की तो गरजेपेक्षा जास्त राबत नाही आणि कष्टाला किंमत देत असल्यामुळे स्वतःच्या या वागण्याची त्याला खंत वाटते. ही एक ओळ अंतर्द्वंद्वाच्या प्रतिरूपणातली फार मोठी मजल आहे, कारण तिच्यात दोन संख्या परस्परांना खाऊन टाकत नाहीत. त्या समोरासमोर उभ्या राहतात आणि त्यांच्यामधल्या अंतरालाच नाव मिळते. याच खेळात प्रबळ भावना आठवणी म्हणून साठतात, त्या आठवणी पुन्हा वर येतात आणि त्यांतल्या काही माणसाचा स्वभाव कायमचा बदलतात, म्हणजे शोक येथे ठरलेल्या दिवशी संपणारा घड्याळाचा गजर राहत नाही.

प्रतिपक्ष लगेच या खेळाची दुखरी जागा दाखवील आणि ती खरोखर दुखरी आहे. आठवणींची ही यंत्रणा आल्यानंतर पावसात भिजल्याची आठवण उगाळत बुटके खचत जातात अशी तक्रार खेळाडूंनी वारंवार केली. शिवाय द्वंद्वाची ती सुंदर ओळ लांबलचक वर्णनाच्या पोटात दडलेली असते. दीडशे बुटक्यांचा गड चालवणारा खेळाडू ती वाचायला थांबत नाही. पण या पुराव्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? पावसाच्या तक्रारीवरून एवढेच सिद्ध होते की प्रत्येक भावनेला आठवणीचा दर्जा देणे चुकीचे आहे, आणि न वाचल्या जाणाऱ्या ओळीवरून एवढेच की जे खोल आहे ते कृतीत दिसले पाहिजे. खोली नको हा निष्कर्ष या दोहोंपैकी एकातूनही निघत नाही. विहिरीला दोर पुरत नाही म्हणून विहीर बुजवायची नसते.

कृतीत दिसणारे द्वंद्व थोड्या साधनांतही साधता येते, याचा पुरावा पोलंडच्या 11 बिट स्टुडिओजने 2014 मध्ये दिला. ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ सारायेव्होच्या 1992 ते 1996 या वेढ्यावरून सुचला असून त्यात सैनिक नव्हे, तर उद्ध्वस्त घरात आसरा घेतलेले साधे नागरिक आहेत. यात भूक, थकवा, आजार आणि मनाची अवस्था ही सर्व अंगे वेगवेगळी चालतात. रात्री एका शांत घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचे अन्न चोरून आणले, तर दुसऱ्या दिवशी पोटे भरतात आणि मने खचतात. भरलेले पोट खचलेल्या मनाची भरपाई करत नाही, आणि घरातली सगळी माणसे सारख्याच प्रमाणात खचत नाहीत. ते खचणे त्यांच्या संथ चालीत, खाली घातलेल्या मानेत, काम करायला दिलेल्या नकारात दिसते. अनुभाव म्हणतात तो हाच. पोलंडच्या सरकारने 2020 मध्ये हा खेळ शाळकरी विद्यार्थ्यांच्या शिफारस केलेल्या वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले. त्याच संस्थेच्या ‘फ्रॉस्टपंक’ने 2018 मध्ये साऱ्या नगराच्या मनासाठी आशा आणि असंतोष अशा दोन स्वतंत्र पट्ट्या ठेवल्या; लोकांची आशा टिकून आहे आणि तरीही ते संतापलेले आहेत, ही अवस्था त्यामुळे शक्य झाली. ही उदाहरणे पन्नास पैलूंची नाहीत, दोन-चार मापांचीच आहेत, आणि म्हणून साधेपणा विरुद्ध खोली असा जो झगडा प्रतिपक्षाने उभा केला तो मुळात खोटा आहे. प्रश्न मापे किती, हा नसून ती एकमेकांत ओतायची की वेगळी ठेवायची, हा आहे.

साधे सूत्र निरुपद्रवी असते, कारण ते काही दावा करत नाही, असाही एक समज या रूढ मतामागे दडलेला आहे. ‘रिमवर्ल्ड’च्याच बाबतीत 2016 मध्ये तो तपासला गेला. ‘रॉक पेपर शॉटगन’ या गेमविषयक नियतकालिकाने त्या वेळच्या आवृत्तीचा कोड वाचून दाखवून दिले की प्रेमप्रकरणांचे गणित पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी दुसरे होते. निर्मात्यांनी त्या लेखनावर आक्षेप घेतला आणि बराच वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर होती हा येथे विषय नाही. परंतु एका ओळीचे सूत्रसुद्धा माणूस कसा असतो याविषयी काही ठाम म्हणत असते, एवढे त्यातून निर्विवाद ठरले. मग सर्व भावना एका नाण्यात मोजता येतात, असे म्हणणारे सूत्रही तितकेच ठाम असते, आणि ते म्हणणे माणसाविषयी असत्य आहे.

उरतो तो नियंत्रणाचा आक्षेप. पात्र आज्ञा पाळताना अडखळू लागले तर खेळाडू चिडेल, कारण खेळ म्हणजे शेवटी निर्णय घेण्याचा आनंद, असे सांगितले जाते. हा आक्षेप ‘रिमवर्ल्ड’ स्वतःच खोडून काढतो. त्यात कोलमडलेला माणूस खेळाडूच्या हातातून पूर्णपणे निसटतो आणि खेळाडू ते वर्षानुवर्षे आनंदाने सोसत आले आहेत. त्यात काही रहिवासी पूर्वायुष्यातल्या अनुभवांमुळे हिंसाच करू शकत नाहीत. त्यांच्या हाती बंदूक देता येत नाही, आणि खेळाडू ही मर्यादा मान्य करून त्यांना स्वयंपाकघरात किंवा रुग्णांजवळ ठेवतात. म्हणजे नकार या खेळाला परका नाही. जन्मभराचा नकार त्याच्यापाशी आहे आणि भान हरपल्यानंतरचा नकारही आहे. भानावर असलेल्या माणसाने, या विशिष्ट बापासमोर, या विशिष्ट क्षणी दिलेला नकार तेवढा नाही. 2021 च्या ‘आयडिऑलॉजी’ या विस्ताराने प्रत्येक वस्तीला श्रद्धा आणि निषेध दिले, एका पंथाला जे पाप ते दुसऱ्याला पुण्य ठरले, आणि तरी त्यांतले बरेचसे शेवटी त्याच मूडच्या पट्टीत अधिक-उणे होऊन पडले. साहित्य जमले होते, पण चूल एकच होती.

या प्रकारचे खेळ रचणाऱ्यांकडे मागणी मोठी नाही. ज्या गोष्टी माणूस एकमेकींच्या बदल्यात देत नाही, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवाव्यात. जेवण, खाट आणि करमणूक यांची बेरीज खुशाल करावी, पण नाते आणि श्रद्धा तिच्यात मिसळू नयेत. दोन ओढी तुल्यबळ झाल्या की पात्राच्या कृतीत ते दिसावे: नेम धरायला लागणारा जास्तीचा वेळ, अर्ध्या वाटेवरून मागे फिरणे, दुसऱ्याच्या हाती काम सोपवणे. आणि असा प्रसंग ज्याच्या वाट्याला आला, त्याच्या पुढच्या निर्णयांत तो राहावा, निदान त्या माणसाच्या एखाद्या सवयीत तरी.

तोवर जे वाचक ‘रिमवर्ल्ड’ खेळतात त्यांनी एक करून पाहावे. टोळीची सूचना आली की तिच्यातली नात्याची ओळ वाचावी आणि त्या रहिवाशाला तटावर न पाठवता आत ठेवावे. वस्ती एका बंदुकीने दुबळी होईल, कदाचित एखादा जीवही जाईल, आणि लढाई संपल्यावर आत बसलेल्या त्या मुलाच्या मनाचे पान उघडले तर आपण तटावर गेलो नाही, आपल्या वाटची गोळी दुसऱ्याने झाडली आणि आपल्याऐवजी दुसरा कोणी मेला, याविषयी तेथे एकही ओळ सापडणार नाही.